नाशिकच्या यात्रेला निघालो आणि लुसीमावशीकडे पोचलो

आमच्या पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चची, बस दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाते. मी लहानपणी दोनदा गेले होते. त्यातलं घाटात उलटी झाली तेवढंच आठवतं. आईनं मात्र गेल्या कित्येक वर्षांत तिकडचं नावही काढलं नव्हतं. त्यामुळे या जानेवारीत एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर तिनं परस्पर दोन सीटा सांगून टाकल्या, तेव्हा मी बघतच राहिले.

"दोन कुणाच्या?"

"तुझी नि माझी. आणि परतीच्या नकोत म्हणून सांगितलंय."

"मग परत कसं यायचं?"

"एस्टीनं," आई म्हणाली. "सटाण्याहून."

सटाणा म्हटल्यावर मी पुढे काही विचारलं नाही. सटाण्याला लुसीमावशी राहते.

(घरी आम्ही वसईकडची आमची बोली बोलतो. ती लिहिली तर वाचणाऱ्यांची पंचाईत होईल, म्हणून आईचं बोलणं इथे सोपं करून लिहिते आहे.)

लुसीमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघींत नऊ-दहा वर्षांचं अंतर. आजी दिवसभर वाडीत केळी नि भाजी बघायची, त्यामुळे लुसीला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं आईनंच केलं. शाळा संपल्यावर लुसी सिस्टर, म्हणजे नन, व्हायला नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये गेली. तिथेच ती नर्सिंग शिकली. आमच्या गावात घरातली मुलगी सिस्टर होणं म्हणजे केवढा मान! तिची शेवटची, जन्मभराची व्रतं झाली त्या दिवशी आजी नवी साडी नेसून पहिल्या बाकावर बसली होती. माझ्याकडे तो फोटो अजून आहे.

आणि मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी केव्हातरी आमच्या फादरांनी घरी येऊन सांगितलं की लुसीनं कॉन्व्हेंट सोडलं. भांडण नाही, तंटा नाही, रीतसर परवानगी घेऊन सोडलं. आपली जागा तिथे नाही असं तिला वाटलं, बस. मी तेव्हा सातवीत होते, आम्ही आजीच्याच घरी राहायचो. आजीनं त्या दिवशी जेवण केलं नाही आणि आईनं गावात तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून आठवडाभर बाजार केला नाही.

मावशी घरी आली नाही. निदान आम्ही तसंच समजत होतो. "तिला लाज असेल तर येईल," आई म्हणायची, "आपण का म्हणून जायचं?" नंतर नंतर तर तिचा विषयच निघेनासा झाला. निघायचा तो फक्त संध्याकाळच्या जपमाळेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा कॅथलिकांच्या घरी संध्याकाळी आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यासमोर, सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची पद्धत आहे. हातात मण्यांची माळ. एकजण पुढे म्हणतो, बाकीचे उत्तर देतात. एका मण्याला स्वर्गातल्या बापाची प्रार्थना, मग दहा मण्यांना दहा वेळा 'नमो मरिया', असं पाचदा. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा, त्याला रहस्य म्हणतात. आनंदाची रहस्यं, दुःखाची, गौरवाची, वार ठरलेले. आणि सुरुवातीला जो पुढे म्हणतो तो सांगतो, आजची माळ कुणासाठी. आमच्या घरी पुढे आई म्हणायची, आणि फादर येऊन गेले त्या दिवसापासून ती रोज मोठ्यानं म्हणायची, "वाट चुकलेल्या लुसीसाठी. तिला सुबुद्धी मिळो आणि ती परत आपल्या व्रताकडे वळो." आम्ही सगळे "आमेन" म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. मावशीला कळवायचं तर कुठे, कुणालाच ठाऊक नव्हतं. मातीला आलेल्यांपैकी प्रत्येकानं तिच्याबद्दल विचारलं. मग गेल्या वर्षीच्या यात्रेहून आमचा पास्कूमामा सांगत आला, मेणबत्त्यांच्या रांगेत लुसी भेटली, सटाण्याला एका दवाखान्यात नर्स आहे, स्टँडपासून जवळच राहते. आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. वर्षभर त्यावर एक शब्द बोलली नाही. यंदा माझं लग्न मे महिन्यातलं ठरलं आणि तिनं दोन सीटा सांगितल्या.

रविवारी पहाटेच बस सुटली. भिवंडीपर्यंत सगळे पेंगत होते. शहापूरच्या पुढे उजाडलं तशी कुणीतरी माळ सुरू केली आणि रविवार म्हणून गौरवाची रहस्यं म्हणत आम्ही कसारा घाट चढलो. तुम्ही जाणार असाल तर खिडकीची जागा पकडा. फेब्रुवारीत डोंगर तपकिरी झालेले असतात, पण सकाळच्या धुक्यात दरी फार छान दिसते. घाट संपल्यावर इगतपुरीला चहा आणि वडापाव. वडा गरम होता, त्याहून जास्त काही म्हणवत नाही. आईनं चहासुद्धा अर्धा टाकला.

नाशिकरोडला पोचलो तर रस्त्यापासून मंदिरापर्यंत माणसंच माणसं. वसई, मुंबई, गोवा, मंगळूर, कुठून कुठून आलेली. मराठी, कोकणी, तमीळ, इंग्रजी, सगळ्या भाषांत मिस्सा चालू. दुतर्फा मेणबत्त्यांची दुकानं. ज्याला जे हवं त्याचा आकार मेणात मिळतो: घर, पाय, डोळे, पाळण्यातलं बाळ. फुलांच्या टोपल्या घेऊन मखमलाबादकडच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक माझ्या मागे लागली, "घे ना ताई, झेंडू ताजा हाय, सकाळीच तोडलाय. बाळ येशूला लय आवडतो." एवढं ऐकल्यावर घेणं भागच होतं.

रांगेत दोन तास गेले. पाणी नि टोपी जवळ ठेवा, दुपारी ऊन चांगलंच लागतं. आई मात्र मूर्तीकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत होती. मामानं सांगितल्यासारखी पांढऱ्या साडीतली, चष्मा लावलेली बाई दिसली की टाचा उंचावायची. एकदा तर रांग सोडून गेली आणि कुणा अनोळखी बाईच्या खांद्यावर हात ठेवून "सॉरी हं" म्हणत परत आली.

"इथेच भेटली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"का गं? उद्या जातोच आहोत ना तिच्या घरी?"

"गर्दीत सोपं असतं. दारात उभं राहून काय बोलायचं?"

संध्याकाळी आमची बस वसईला परत निघाली. आम्ही दोघी हात हलवत मागे उरलो. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली मिळाली. यात्रेच्या दिवसांत आधी सांगून ठेवलेलं बरं, आम्हाला तिसऱ्या ठिकाणी मिळाली.

सोमवारी सकाळी शहरात सीबीएस स्टँडला जाऊन सटाण्याची गाडी धरली. भाडं शंभराच्या आत, वेळ तीन तासांच्या आसपास. पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, काढणी चालू असलेले. चांदवडनंतर डोंगर जवळ येतात, देवळ्यापासून पुढे रस्त्यावर कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांगच. आमची गाडी त्यांच्या मागे अडकत, हॉर्न देत चालली होती. आईनं वाटेत पुन:पुन्हा तालीम केली. "आधी म्हणेन, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलो. मग आई गेल्याचं सांगेन. की आधी आईचं सांगू?" मी म्हटलं, बघू, तिथे गेल्यावर सुचेल.

स्टँडवर उतरून दवाखान्याचं विचारत विचारत एका चाळवजा घरापाशी आलो. दाराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर एक बाई लसूण सोलत बसली होती.

"कोन पाह्यजे?"

"लुसी... नर्स आहेत ना, त्या," मी म्हटलं.

"सिस्टर? सिस्टर दवाखानामा जायेल शे. बसा, येईच आते." तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

आई माझ्या कानाशी लागली. "सिस्टर म्हणतात तिला अजून?"

"नर्सला सिस्टरच म्हणतात, आई."

आई त्यावर थोडं हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मावशी दीडच्या सुमाराला आली. मला वाटलं होतं ती दचकेल किंवा रडेल. ती फाटकात थांबली, तिनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, केवढी वाळलीस गं!" आईची सगळी तालीम तिथेच संपली. ती मावशीचा हात धरून नुसती उभी राहिली.

आजी गेल्याचं मावशीला माहीत होतं. पास्कूमामानं यात्रेत सांगितलं होतं, म्हणजे आजीला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा. "त्याला वाटलं मला ठाऊक असेल. मेणबत्ती हातात धरून बोलता बोलता म्हणाला, आई गेल्यापासून घर ओकंबोकं वाटतं. तेव्हा कळलं."

दुपारी तिनं बाजरीच्या भाकरी केल्या, शेवभाजी केली. वसईची बाई असली झणझणीत शेवभाजी करते हे पाहून मला मजा वाटली. शेजारणीनं शिकवली म्हणे. कोपऱ्यात कांद्याची अख्खी गोणी होती. "पेशंट आणून टाकतात," मावशी म्हणाली. "नाही म्हटलं तर रागावतात." तिच्या खोल्या दोन, पलंग एक, भिंतीवर मरियेची तसबीर. ती तिथे सुखात होती, असं मला वाटलं. आणि तेच बघणं आईला जड जात होतं. इतकी वर्षं जिला वाट चुकलेली म्हटलं, तिला येता-जाता गल्लीतली माणसं हाक मारत होती. एक म्हातारा तर रक्तदाब मोजून घ्यायला ओट्यावर येऊन बसला.

संध्याकाळी दिवेलागणीला मावशीनं चटई घातली. "आमच्याकडे मी एकटीच असते. आज तिघी आहोत."

सोमवार, म्हणजे आनंदाची रहस्यं. आमच्या घरी माळ म्हणजे एका दमात. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत पाचवं रहस्य गाठायचं. मावशीची पद्धत वेगळी होती. रहस्याचं नाव घेतलं की ती गप्प बसायची, चांगली मिनिटभर. मग हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं काहीतरी म्हणायची आणि मग पहिला मणी धरायची. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं झालं. पण दुसऱ्या रहस्यापर्यंत मी डोळे मिटले होते.

दुसरं रहस्य म्हणजे मरिया आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला जाते ते. मावशी म्हणाली, "डोंगराची वाट. पोटुशी बाई. चालून चालून पाय दुखले असतील. आणि दारात आपलं माणूस बघून त्या म्हातारीला काय वाटलं असेल!" मला तो देवळ्याचा रस्ता, ट्रॅक्टर आणि फाटकात थांबलेली मावशी दिसायला लागली. आई उत्तरं देत होती, पण माळेतला मणी पुढे सरकवायचं विसरत होती.

पाचवं रहस्य. बारा वर्षांचा येशू यात्रेत हरवतो आणि मंदिरात सापडतो. या वेळी मावशी नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिली.

"तीन दिवस शोधलं त्यांनी," ती एवढंच म्हणाली.

तिनं पहिली 'नमो मरिया' म्हटली. उत्तर माझं एकटीचं गेलं. दुसरी म्हटली, पुन्हा मी एकटीच. आई पदर तोंडाला लावून बसली होती. ते सगळं दशक मावशी नि मी दोघींनीच पुरं केलं.

संपल्यावर आई म्हणाली, "मी नाही शोधलं गं तुला."

मावशी माळ मुठीत धरून बसली होती. "ताई, मी आले होते."

"कुठे?"

"घरी. कॉन्व्हेंट सोडलं, त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हटलं, आधी आईला भेटू, मग पुढचं बघू. स्टेशनवरून चालत आले तोवर दिवे लागले होते. दार उघडंच होतं. तुम्ही सगळे आल्तारासमोर गुडघ्यांवर. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. मी ओट्यावर चपला काढल्या आणि म्हटलं, माळ होऊ दे, मध्येच नको जायला. आणि तू म्हणालीस, आजची माळ वाट चुकलेल्या लुसीसाठी."

बाहेर शेजारीण कुणाला तरी जेवायला हाका मारत होती.

"मी अख्खी माळ उभी राहून ऐकली. तुमच्याबरोबर उत्तरंही दिली, हळू. वाटलं, संपली की जाईन आत. संपल्यावर पाय उचलेना. चपला घातल्या नि परत स्टेशनवर गेले."

"एक हाक मारायचीस," आई म्हणाली. "नुसती एक हाक."

"कशी मारणार? तुम्ही सगळे देवाजवळ मागत होता की मी परत कॉन्व्हेंटमध्ये जावं. मी आत आले असते तर तुमची प्रार्थना फुकट गेली असती." मावशी रागानं बोलत नव्हती. "तू काही वाईट मागत नव्हतीस, ताई. तुला वाटत होतं मी हरवले. मी तर त्या दिवशी घरीच येत होते."

मी तेव्हा सातवीतली मुलगी, त्या गुडघ्यांवर बसलेल्यांत होते. मागे ओट्यावर कुणी आहे हे आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. ती संध्याकाळ मला वेगळी अशी आठवतही नाही, आमच्यासाठी ती इतर संध्याकाळींसारखीच होती.

"आईला मी शेवटचं पाहिलं ते पाठमोरं," मावशी म्हणाली. "अंबाड्यात अबोली माळली होती."

त्यावर आई जी रडली तशी ती आजीच्या मातीलाही रडली नव्हती. "माफ कर गं मला, लुसी."

"ते केव्हाच केलं. रोज माळ म्हणणाऱ्या बाईला दुसरं काही जमतं का?" मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण माफ केल्यानं आई थोडीच भेटणार आहे? तुलाही नाही, मलाही नाही."

दुसऱ्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी होती. स्टँडवर सोडायला ती गणवेशातच आली. आईनं तिथे लग्नाचा विषय काढला. हळद, मांडव, कोण कोण येणार, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तुझ्या नजरेसमोर मोठी व्हायला हवी होती ही. निदान लग्नाला ये. आणि मग राहाच."

मावशी माझ्याकडे वळली. "तुला खोटं नाही सांगत, बाळा. लग्नाला नाही यायची मी. लग्नात शंभर माणसं विचारतील, इतकी वर्षं कुठे होतीस, आणि तुझी आई प्रत्येकापाशी खाली मान घालेल. कधीतरी गर्दी नसताना येईन. पण राहायला नाही. माझं घर आता इथे आहे."

"तुला आधी बोलावलं असतं तर?" आईनं विचारलं.

मावशीनं खोटं सांगितलं नाही. "तर आले असते," ती म्हणाली.

गाडी लागली. तिनं खिडकीतून कांद्याची पिशवी आत दिली, कंडक्टरला "माझी बहीण आहे, नीट उतरवा नाशिकला" असं बजावलं आणि गाडी वळायच्या आतच दवाखान्याकडे चालू लागली. ड्यूटीला उशीर होत होता.

लग्न मेमध्ये झालं. मावशी आली नाही. सकाळी तिचा फोन आला होता, पण मांडवात बँडवाले सूर लावत होते, आईला नीट ऐकूच आलं नाही. त्यानंतर मात्र दोघी दर रविवारी फोनवर बोलतात. विषय म्हणाल तर आईचे गुडघे, कांद्याचा भाव, दवाखान्यात आलेली बाळंतपणं. मोठं असं काही नाही. मोठं बोलायचं ते आजीसमोर बोलायला हवं होतं.

तुम्ही यात्रेला जाणार असाल तर शनिवार-रविवारची गर्दी टाळून आधीच्या नोवेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, दिवसांत जा, निवांत बसता येतं. आणि माळ म्हणताना थोडं थांबत जा. मी आता सासरी एकटीच म्हणते, मावशीसारखी, प्रत्येक रहस्यापाशी गप्प बसून. दुसऱ्या रहस्यात मला अजून तो देवळ्याचा रस्ता दिसतो. पाचव्यात मात्र मला मंदिर दिसत नाही. आमच्या घराचा ओटा दिसतो, आणि तिथून दिसणाऱ्या आमच्या पाठी.

परवा माहेरी गेले होते. आई परसात कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, सटाण्याला गेलो ते बरं झालं ना?

"बरं झालंच की," ती म्हणाली. तिनं एक चादर झटकून दोरीवर टाकली, तिची टोकं सारखी केली. "पण तुझी आजी होती तेव्हाही सटाणा एवढंच लांब होतं गं."